बेशरमवरचा प्रकल्प

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला वाटतं की मी तिच्यापासून काहीच लपवत नाही त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर कोणी बसलं की मी वेगळं बोलते. ती माझी सवयच आहे — आणि खरं म्हणजे सांगायचं आहे ते त्या सवयीबद्दलच.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात शिक्षकांची प्रशिक्षणं होतात, तिथे मला बोलावतात. माझा विषय ठरलेला आहे. मुलं आपापले प्रकल्प वर्गासमोर मांडतात, तेव्हा बाकीच्या वर्गाचं लक्ष कसं टिकवायचं? ऐकायला साधं वाटतं. पण ज्यानं वर्ग घेतला आहे त्याला विचारा. एक पोरगा फळ्याजवळ उभा राहून कागदात तोंड खुपसून वाचतो आहे, गाइडमधून उतरवलेलं, एका सुरात. पुढच्या बाकावरचे माना डोलवतात, मागचे एकमेकांच्या पाठीवर पेनानं काहीतरी लिहितात, आणि ज्यांचा नंबर अजून यायचा आहे ते खाली मान घालून आपलंच घोकत असतात. कोणी कोणाचं ऐकत नाही. मास्तरही ऐकत नाही.

मी सांगते, ऐकणाऱ्याला काम द्या. प्रत्येकानं एक तरी प्रश्न विचारलाच पाहिजे. काय आवडलं आणि काय राहून गेलं, हे बोललंच पाहिजे. वर्ग थंड पडला की मध्येच थांबवा, थोडं हसवा. माझं सत्र बहुतेक जेवणानंतर ठेवतात, कारण त्या वेळी समोरचे शिक्षकच पेंगत असतात आणि मी त्यांना पेंगू देत नाही अशी माझी ख्याती आहे. आणि तेव्हा, नेमक्या वेळी, मी एक गोष्ट सांगते.

गोष्ट अशी. माझ्या वर्गात एक मुलगी होती. फार लाजाळू, तोंडातून आवाज निघायचा नाही. प्रकल्प मांडायला उभी राहिली तेव्हा वर्ग झोपलेला. मी एक छोटासा विनोद केला. वर्ग हसला, तीही हसली, तिची भीती गेली. मग इतके हात वर झाले की मला आवरता येईनात, आणि त्या मुलीनं एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. आज ती मुलगी स्वतः शिक्षिका आहे.

लोक टाळ्या वाजवतात. एकदा एका वयस्क गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे.

यातलं खरं किती? मुलगी होती. मी विनोद केला, हे खरं. वर्ग हसला, हात वर झाले, तिनं उत्तरं दिली — हेही खरं. ती हसली नव्हती. आणि ती शिक्षिका झाली नाही, निदान माझ्यामुळे तर नाहीच. पण थांबा, हे असं सांगितलं तर वाटेल की मी थोडं वाढवून सांगितलं एवढाच माझा दोष. तेवढाच असता तर मी लिहायला बसले नसते.

तेव्हा मी नवेगाव बांधच्या बाजूच्या एका गावात कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवत होते. तासिकेवर म्हणजे काय, हे त्यातून गेलेल्यालाच कळतं. पुढच्या वर्षी ठेवतील की नाही, हे कोणीच सांगत नाही. मी गोंदियाची, घरी हिंदी बोलणारी. गावात एक खोली घेऊन राहत होते आणि आपण इथल्या नाही हे मला रोज जाणवायचं. त्या वर्षी नवे प्राचार्य आले होते. कडक माणूस नव्हता, पण वर्गाच्या दारात येऊन न बोलता उभं राहायची त्यांना सवय होती. अकरावीचे पर्यावरणाचे प्रकल्प सुरू होते. पहिल्याच दिवशी ते दारात आले आणि माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा चक्क आडवा झालेला त्यांनी पाहिला. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मॅडम, उद्या मी पूर्ण तास बसतो."

दुसऱ्या दिवशी ते मागे येऊन बसले. पहिल्या दोघांनी प्रदूषण आणि जंगलतोड वाचली. मी प्रश्न विचारा म्हटलं तर कोणी तोंड उघडेना. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. मला घाम फुटला होता.

तिसरी अर्चना उभी राहिली.

अर्चनाचे वडील बांधात, म्हणजे तिथल्या मोठ्या तलावात, मासे धरायचे. ती रोज पायी यायची आणि खिडकीजवळ बसायची. तिनं प्रकल्प घेतला होता बेशरमचा. आमच्याकडे तलावाच्या काठानं, नाल्यानं, कुंपणानं जी जांभळ्या फुलांची झुडपं माजलेली असतात ना, त्यांना आम्ही बेशरमच म्हणतो. कापली तरी वाढते, तुकडा टाकला तरी रुजते, म्हणून ते नाव. बेशरम वाढली की तलावाचा काठ बुजतो, जाळं अडकून फाटतं, असं तिच्या घरी रोज बोललं जात असणार. तिनं हे कुठून उतरवलं नव्हतं. त्या सगळ्या वर्गात स्वतःचं काहीतरी घेऊन आलेली तेवढी एकच होती. हातात एक फुलांची फांदी पण होती. पण आवाज इतका खाली की पहिल्या बाकालाही नीट ऐकू जाईना.

आता मला एक गोष्ट आधी सांगायला हवी. ती टाळत टाळतच मी इथवर आले आहे.

अर्चनाची मोठी बहीण काही दिवसांपूर्वी रस्त्याच्या कामावर आलेल्या एका मुलासोबत निघून गेली होती. गावात दुसरा विषय नव्हता. आमच्या स्टाफरूममध्येही चहासोबत तेच चाललं होतं. लोक त्या बहिणीसाठी एकच शब्द वापरत होते. कोणता, ते तुम्हाला कळलं असेल.

मला ते माहीत होतं.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या क्षणी ते माझ्या ध्यानात नव्हतं. विनोद आपोआप तोंडातून गेला. जातो ना कधी कधी? पण नाही. मी बोलण्याआधी थांबले होते. वर्ग कुठे हसेल हे मला फार चांगलं कळतं, तोच माझा गुण आहे, त्यावरच तर माझं नाव झालं. अर्चना वाचत होती, "एका घरच्या कुंपणात लावलेली बेशरम हळूहळू पूर्ण गावात पसरते." मी तिला हातानं थांबवलं. वर्गाकडे पाहिलं. मग म्हटलं,

"कोणाच्या घरून पसरली, तेही सांग ना."

मग खिडकीकडून कोणीतरी फिसकन हसलं, आणि पूर्ण वर्ग हसायला लागला. बाक वाजले. आडवा पडणारा मुलगासुद्धा उठून बसला. प्राचार्य नवे, त्यांना त्या घरचं काही माहीत नव्हतं. वर्ग हसला म्हणून तेही हसले.

अर्चनानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला वाटतं, मला खरंच तसं म्हणायचं होतं की काय, हे ती शोधत होती. मी नजर वळवली आणि म्हटलं, "चला, प्रश्न विचारा."

आणि हात वर झाले. इतके हात मी त्या वर्गात कधी पाहिले नव्हते. एकानं विचारलं, बेशरमला फुलं कोणत्या महिन्यात येतात? दुसऱ्यानं विचारलं, ती रस्त्याच्या कडेला जास्त वाढते काय? रस्ता म्हटल्याबरोबर पुन्हा हशा. मुलींच्या बाजूनंही एक हात वर आला — एक उपटून टाकली तर त्याच घरी दुसरी उगवते काय?

अर्चनानं सगळ्यांना उत्तरं दिली. झुडपाबद्दल विचारलं आहे असं धरून, झुडपाबद्दलच. पावसाळ्यानंतर येतात. रस्त्याच्या कडेला ओल असली तर वाढते. शेवटच्या प्रश्नाला थोडी थांबली आणि म्हणाली, "मुळी राहिली त उगवते." पुन्हा हसले सगळे.

मी थांबवू शकत होते. एक शब्द पुरला असता. टेबलावर डस्टर आपटला असता तरी भागलं असतं. पण मागच्या बाकावर प्राचार्य मान हलवत होते आणि मला माहीत होतं की ते खूश आहेत. मी एकेकाचं नाव घेऊन प्रश्न विचारायला लावत राहिले. "तू राहिलास, तू विचार." असं करत तास संपला.

प्राचार्य जाताना म्हणाले, "असा जिवंत वर्ग पाहिजे, मॅडम." पुढच्या वर्षी मला ठेवलं. त्यापुढच्याही. नंतर तिथेच मी कायम झाले.

त्या फांदीचं काय झालं, मला आठवत नाही. तिच्या नावाचं काय झालं, ते मात्र आठवतं. त्या दिवसानंतर कोणी तिला अर्चना म्हटलंच नाही. ती वर्गात आली की कोणीतरी तो शब्द हळूच म्हणायचं आणि मग बाकीचे खोकायचे. तिच्या बाकावर जांभळी फुलं ठेवलेली असायची. मी ती पाहायची आणि हजेरी घ्यायला सुरुवात करायची. तिचं नाव आलं की ती "हजर" म्हणायची. मग तिचं येणं कमी झालं, मग थांबलं.

माझे बाकीचे तास मात्र त्या वर्षी छान चालले. प्रकल्प मांडताना कोणी झोपलं नाही. सगळे कान देऊन ऐकत होते. काऊन ऐकत होते, ते मला तेव्हाच कळत होतं. पुढचा नंबर आपला लागू नये म्हणून, आणि दुसऱ्याचा लागला तर मजा हुकू नये म्हणून. मी त्याला सहभाग म्हणायला शिकले. नंतर प्रशिक्षणांत ते शिकवायलाही लागले.

एका दुपारी अर्चनाची आई शाळेत आली. डोक्यावर पदर, हाताला मासळीचा वास, आणि तो वास येतो म्हणून टेबलापासून जरा लांब उभी. मी बसा म्हटलं, ती बसली नाही. म्हणाली, "मॅडम जी, पोरगी शाळेत जात नाही म्हणते. काऊन म्हणून विचारलं त काही सांगत नाही, नुसती बसून राहते. तुमीच सांगा जी, इथं काही झाला काय?"

तिथे त्या वेळी आम्ही दोघीच होतो. कोणी ऐकत नव्हतं, प्राचार्य नव्हते, नोकरीवर काही बेतणार नव्हतं. ती बाई मला काही करूही शकली नसती. मी एवढंच म्हणायचं होतं — माझ्याकडून चुकलं, तिला पाठवा, मी वर्गाला सांगते. किती सोपं होतं ना?

मी म्हटलं, "इथे काही झालं नाही. तिचं अभ्यासातच मन नाही. घरचं काही डोक्यात असेल."

बाईनं मान हलवली. तिला ते पटलं. मोठीनं जे केलं त्याचं ओझं धाकटीच्या डोक्यावर बसलं आहे, असंच तिला आधीपासून वाटत असणार, आणि शिकलेल्या मॅडमनं तेच सांगितलं. ती म्हणाली, "मले बी तसंच वाटून राहिलं होतं." मग हात जोडून गेली. त्यानंतर घरी काय झालं असेल? अर्चनाला काय बोलणी बसली असतील? ती आईला म्हणाली असेल का, की मॅडमनंच केलं? आणि आईनं तिचं खरं मानलं असेल, की माझं? मी कधी चौकशी केली नाही. बारावीच्या यादीत तिचं नाव नव्हतं, एवढं पाहिलं आणि पान उलटलं.

पुढे मला पहिल्यांदा प्रशिक्षणाला बोलावलं, तेव्हा मी ही गोष्ट सांगायचं ठरवून गेले नव्हते. जेवणानंतर हॉल सुस्तावला होता, माझं बोलणं कोणापर्यंत पोहोचत नव्हतं, आणि तोच जुना घाम मला फुटला. मी म्हटलं, माझ्या वर्गात एक मुलगी होती. लोकांनी माना वर केल्या. मग मागे फिरता येईना. तिला हसवावं लागलं, तिची भीती घालवावी लागली. कोणीतरी विचारलं, मग पुढे काय झालं तिचं? मी तिला शिक्षिका करून टाकलं. दरवेळी ती गोष्ट सांगताना मला बरं वाटायचं — हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. तेवढा वेळ ते सगळं तसंच झालं होतं असं वाटायचं.

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षण होतं. या वेळी प्राथमिक शिक्षकांसोबत अंगणवाडी सेविकाही होत्या. मी गोष्ट सांगितली. टाळ्या झाल्या. मग माझ्या नियमाप्रमाणे मी म्हटलं, आता प्रश्न, कोणी लाजायचं नाही.

तिसऱ्या ओळीतून एक सेविका उभी राहिली. गुलाबी साडी, अंग थोडं भरलेलं, खांद्याला पर्स. मी तिला ओळखलं नव्हतं. ती बोलली तेव्हा ओळखलं. आवाज तसाच खाली होता. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आयोजकांनी तिच्या हातात माइक दिला.

"मॅडम जी," ती म्हणाली, "ते पोरगी आता कोठी आहे?"

सगळे माझ्याकडे पाहत होते, तीही पाहत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं, टोमणा नाही, राग नाही. ती खरंच विचारत होती असं वाटलं. तेव्हा मी सांगू शकले असते. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर. नाहीतर निदान एवढं तरी म्हणता आलं असतं, की मला माहीत नाही.

मी म्हटलं, "ती आता पुण्याकडे असते. मोठ्या शाळेत शिकवते. छान चाललंय तिचं."

अर्चना म्हणाली, "बरं झाला." आणि माइक बाजूच्या बाईकडे देऊन खाली बसली.

सत्र संपल्यावर चहा होता. ती नळाजवळ आपली बाटली भरत होती. मी तिच्याजवळून गेले. अगदी जवळून. थांबलेही. ती म्हणाली, "नमस्ते, मॅडम जी." मी विचारलं, "कोणत्या गावची अंगणवाडी?" तिनं गावाचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "अच्छा, अच्छा." मग आयोजकांनी गाडी आली म्हणून हाक मारली आणि मी गेले. तिनं बारावी पुढे केली का, लग्न झालं का, बहीण परत भेटली का, आई आहे का — काही विचारलं नाही. तिच्या नावानं हाकही मारली नाही. मारली असती तर तिला कळलं असतं, की मी ओळखलं आहे.

ते गाव मला माहीत आहे. तिथे बस जाते. मी गेलेले नाही.

त्यानंतर मी ही गोष्ट सांगणं बंद केलं, असं इथे लिहिता आलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. दोन-तीन सत्रांत टाळली. मग गेल्या महिन्यात दुसऱ्या एका तालुक्यात बोलावलं होतं. जेवण झालेलं, पंखे संथ फिरत होते, समोर कोणी मोबाइल पाहत होतं, कोणी जांभया देत होतं. मी गोष्ट सांगितली. पहिल्यासारखीच, ती हसली इथपासून ती शिक्षिका झाली इथपर्यंत. फक्त शेवटी प्रश्नांना वेळ ठेवला नाही.